टेक्ससमधला रोही आणि गोळीची रचना : अनुभव हवेत

वर्धेकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, गेली अकरा वर्षं सॅन अँटोनियोत आहे. लहानपणी रोही पाहिला तो मामाच्या वावराच्या धुऱ्यावरून. पुढे टेक्ससला आलो आणि कळलं की तोच रोही, म्हणजे नीलगाय, इथेही हजारोंनी आहे. १९२०-३० च्या काळात किंग रँचने दक्षिण टेक्ससमध्ये सोडलेली ही जनावरं मेक्सिकोच्या आखाताजवळच्या माळावर चांगलीच रुजली. इथे त्याची गणना बाहेरून आणलेल्या जनावरांत होते. त्याला बंद हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही, पण शिकारीचा परवाना लागतोच.

गेल्या जानेवारीत एका खासगी रँचवर पहिला रोही मारायला गेलो होतो. रायफल .३०० विन मॅग, म्हणजे जास्त वेगाच्या मॅग्नम काडतुसाची. गोळी १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), प्लॅस्टिकच्या टोकाची, पातळ कवचाची. हीच गोळी चार वर्षं व्हाइटटेल हरणावर वापरली होती आणि हरीण बहुतेक वेळा उभ्या जागी पडायचं. नर १३० मीटरवर आडवा उभा होता. बार खांद्यावर बसला, बसल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. नर गुडघ्यांवर आला, उठला आणि मेस्किटच्या काटेरी झुडपांच्या जाळीत घुसला. तिथे जाऊन पाहिलं तर रक्ताचे चार थेंब. पुढे काहीच नाही.

वाटाड्याच्या कुत्र्याने अडीच तासांनी तो शोधला. जिवंत होता. दुसरी गोळी घातली. सोलताना दिसलं की पहिली गोळी खांद्याच्या सांध्यावरच फुटली होती. बाहेरून तळहाताएवढा खळगा, त्यात कवचाची टरफलं. आत फक्त एका फुप्फुसाला दोन-चार कण लागलेले. त्या जनावराने अडीच तास जे सोसलं ते माझ्या निवडीमुळे. गोळी बनवणाऱ्याची यात चूक नाही. ती साठ-सत्तर किलोच्या हरणासाठी केलेली होती आणि मी ती अडीचशे किलोच्या नरावर चालवली.

या जानेवारीत परत जायचं आहे. रायफल तीच. डोळ्यांसमोर तीन गोळ्या आहेत: १८० ग्रेनची नोस्लर पार्टिशन, १८० ग्रेनची स्विफ्ट ए-फ्रेम आणि १६५ ग्रेनची बार्न्स टीटीएसएक्स. ज्यांनी मोठ्या जनावरांवर या किंवा अशा गोळ्या वापरल्यात त्यांनी लिहा. पॅकेटवरचे आकडे मी वाचलेत. जनावर उघडल्यावर आत काय दिसलं ते हवं आहे.

---

रानवाट

वर्धेकर, मी डेन्व्हरला असतो, गेली चौदा वर्षं एल्क या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या मागे हिंडतोय. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या बाबतीत जे झालं ते खूप जणांचं होतं आणि बहुतेक जण ते सांगत नाहीत.

शिकारीच्या गोळीला दोन कामं असतात आणि दोन्ही एकमेकांच्या आड येतात. तिने फुलायला हवं, म्हणजे जखम रुंद होईल. आणि तिने आत जायला हवं, म्हणजे जखम वर्मापर्यंत पोचेल. जितकी फुलेल तितकी अडेल. गोळीचा व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि मांस तिला तितक्याच जोराने थोपवतं. सगळ्या रचना हा तोल सांभाळण्यासाठीच निघाल्या.

सर्वांत साधी रचना म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा पेला आणि त्यात ओतलेलं शिसं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून याच कुळातली. कवच एका ठिकाणी जाड करून शिसं धरून ठेवायचं, एवढीच तिची युक्ती. .३०-०६ या जुन्या काडतुसाच्या वेगाला ती आजही हरणावर उत्तम चालते. जॉन नोस्लर १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेले. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम आणि समोर चिखलाने माखलेला मूस. गोळ्या वरच्यावर फुटत राहिल्या, आत जाईनात. नेमकं तुमचं दुखणं. त्यातून त्यांनी कवचाच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली आणि पार्टिशन १९४८ पासून विक्रीला आली. पुढचं शिसं फुटलं तरी चालतं, भिंतीमागचं अखंड राहून पुढे जातं.

पार्टिशन जनावरातून काढली की साधारण दोन तृतीयांश वजनाची भरते. काहींना हे कमी वाटतं, मला वाटत नाही. पुढचा भाग फुटून फुप्फुसाची वाट लावतो आणि मागचा भाग पलीकडच्या बाजूला बाहेर पडतो. माझ्या सात एल्कपैकी पाच पार्टिशनने पडले.

ए-फ्रेममध्ये तीच भिंत आहे, शिवाय पुढचं शिसं कवचाला डाख दिल्यासारखं चिकटवलेलं असतं. त्यामुळे ती नव्वद टक्क्यांच्या वर वजन राखते. तुमच्या नराच्या खांद्याला ती नक्की पुरेल.

टीटीएसएक्समध्ये शिसंच नाही. सगळी तांब्याची, टोकाला पोकळी, आदळली की चार पाकळ्या मागे वळतात. रँडी ब्रूक्स यांनी मूळची एक्स बुलेट १९८९ मध्ये बाजारात आणली. सुरुवातीच्या गोळ्या नळीत तांबं फार सोडायच्या आणि काही रायफलींत नेम पांगायचा. पुढे अंगावर खाचा पाडल्यावर ते बरंच सुधारलं. खोल जाण्यात तिला तोड नाही.

पण तांब्याचं एक सांगतो. तांबं शिशापेक्षा कडक असतं, त्याला उमलायला वेग लागतो. पाच वर्षांपूर्वी मी तांब्याच्या एका गोळीने ३८० मीटरवर प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखं एक जनावर) मारला. तिथे पोचेपर्यंत गोळीचा वेग सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास आला असावा. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, पण भोक पेन्सिलीएवढं. उमललीच नाही. जनावर अर्धा मैल चाललं. बार योग्य जागी होता, गोळीही चांगली होती, फक्त अंतर तिच्या कुवतीबाहेरचं होतं.

---

हिमकण

रानवाट यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. मी उमेओजवळ, उत्तर स्वीडनमध्ये राहते. नवरा इथला, त्याच्यामुळे आमच्या गावच्या याक्तलागमध्ये, म्हणजे शिकार-गटात, आले. येगारएक्सामेन, म्हणजे शिकाऱ्याची परीक्षा, द्यावी लागली आणि आता सप्टेंबरचा पहिला सोमवार आला की आम्ही मूसला जातो.

वेगाबद्दल एक बाजू राहिलीय. आमच्या गटातले म्हातारे अजून ६.५×५५ वापरतात, शंभर वर्षांहून जुनं काडतूस. गोळी १०.१ ग्रॅमची नॉर्मा ओरिक्स, शिसं कवचाला चिकटवलेलं. मॅग्नमवाले या काडतुसाला हलकं समजतात. पण गोळी लांब आणि वजनदार, वेग बेताचा, म्हणून ती फुटत नाही, शांतपणे आत जाते. गोळ्या वरच्यावर फुटण्याचं दुखणं मॅग्नमच्या वेगाबरोबर वाढलं. वर्धेकर, तुमची १५० ग्रेनची गोळी .३०८ सारख्या कमी वेगाच्या काडतुसातून निघाली असती तर कदाचित सांधा फोडून आत गेली असती. १३० मीटरवर .३०० विन मॅगचा वेग तिला झेपला नाही.

इथल्या कायद्यात मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची आणि १०० मीटरवर तिची ऊर्जा २७०० जूल, किंवा गोळी १० ग्रॅमची असेल तर २००० जूल, असं आहे. वजन वाढलं की ऊर्जेची अट सैल होते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्यूल मोजून जनावर पडत नाही, गोळी कुठवर पोचली त्यावर पडतं.

आणखी एक. इथे माग काढणारं शिकवलेलं कुत्रं दोन तासांच्या आत जागेवर पोचेल अशी सोय असल्याशिवाय मूसच्या शिकारीला निघताच येत नाही. तुमच्या वाटाड्याकडे कुत्रं होतं म्हणून तो नर सापडला. यंदाही आधी ते विचारा, गोळीचं नंतर.

---

जुनीपाने

मी शिकारी नाही, पुण्यात बसून जुने कागद वाचणारा माणूस. पण गोळी ‘फुलणं’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. फुलणाऱ्या गोळीचं जगातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव आपल्याकडचं आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्र-कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवलं. वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत नव्या लहान गोळ्या माणसाला आरपार जात आणि तो चालतच राही, अशी ब्रिटिश सैन्याची तक्रार होती. पुढे १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. ‘दमदम’ हा शब्द तेव्हापासून जगभर झाला.

शिकारीत उलट नियम आहे असं ऐकलंय. खरं का?

---

रानवाट

अगदी खरं. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळी सक्तीची आहे. कॅलिबर किमान .२४, गोळी हरणाला ७० ग्रेन आणि एल्क-मूसला ८५ ग्रेन, शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. पूर्ण कवचाची लष्करी गोळी चालत नाही. ती बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. सैनिकाला जखमी करून थांबवता येतं, त्याला दवाखाना आहे. जनावराला नाही.

८५ ग्रेन हा मात्र कायद्याचा तळ आहे. तेवढ्यावर एल्कला जाऊ नये, असं माझं मत.

---

निर्झर

शांतपणे वाचत होते, पण विचारते. हे सगळं इतकं बारकाईने समजून घेऊन शेवटी एक जीव मारायचाच ना? भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, तेव्हा आपण एक पाऊल पुढे गेलो असं मला वाटतं. तिकडे जाऊन ते मागे घ्यायचं का?

---

वर्धेकर

निर्झरताई, प्रश्न योग्य आहे आणि मला टोचणारा आहे. १९७२ चा कायदा व्हायलाच हवा होता. नसता झाला तर आज आपल्या मुलांना दाखवायला काळवीटही उरला नसता, आणि भारतात मी कधी बंदूक उचलणार नाही.

इथली परिस्थिती वेगळी आहे. रोही इथला नाही. वाघ नाही, मोठ्या नराला मारू शकेल असं दुसरं कुणी नाही. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडी त्याच्या अंगावरून रानोमाळ फिरतात, त्यामुळे दक्षिण टेक्ससच्या पशुपालकांना तो डोईजड झालाय. मी वर्षातून एकच मारतो, त्यातलं काही वाया घालवत नाही. घरात बाजारातून लाल मांस आणणं बंद केलंय. तरीही मागच्या जानेवारीतले ते अडीच तास माझ्या खात्यावर आहेत, आणि हा धागा त्यासाठीच काढला.

---

जागल्या

वर्धेकर भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातला. तुमच्या टेक्ससचा रोही तिकडं लोक पैसे देऊन मारतात हे वाचून कसंसंच झालं. आमच्याकडं हरभरा घाटे धरायला लागला की रोज रात्री जागल. टेंभा, टॉर्च, डबे वाजवायचे. एका रात्रीत पंधरा-वीस रोह्यांचा कळप एकराचा हरभरा चोपून जातो, खातो कमी आन तुडवतो जास्त. पंचनामा, भरपाईचे कागद, तलाठ्याच्या चकरा, त्यात हंगाम निघून जातो. निर्झरताई, राग मानू नका, पण शिकारबंदीचा भार सगळ्यांनी मिळून उचलला पाहिजे. तो आमच्या वावरावरच पडतो.

आता गोळीचं मला काही कळत नाही, पण रोह्याचं कळतं. जुन्या नराच्या मानेचं आन छातीचं कातडं बोटभर जाड असतं. दोन नर भांडताना पाहिलेत मी, शिंगं लागून मागं सरतात पण कातडं फाटत नाही. तुम्हाला रक्त दिसलं नाही त्याचं कारण ते असंल. भोक कातड्यानं बुजलं असंल.

---

हिमकण

जागल्या भाऊंनी जे सांगितलं ते या धाग्यातलं सर्वांत मोलाचं. कातडं जाड असेल तर आत शिरलेलं भोक मिटतं आणि रक्त आतच साठतं. म्हणूनच गोळी पलीकडून बाहेर पडायला हवी. बाहेर पडतानाचं भोक मोठं असतं आणि बऱ्याचदा खालच्या बाजूला असतं, तिथून माग लागतो.

‘गोळी आतच राहिली तर सगळी ऊर्जा जनावरात उतरते’ असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन्ही फुप्फुसं फोडून बाहेर गेलेल्या गोळीने तिचं काम केलेलंच असतं. उरलेली ऊर्जा मातीत गेली तर जाऊ दे.

---

शेवंती

मी न्यू जर्सीत राहते. नवऱ्याचा सहकारी दर डिसेंबरला पेनसिल्व्हेनियातल्या हरणाचा खिमा देतो. धाकटी पाच वर्षांची आहे, तिला तो फार आवडतो. वर फुटणाऱ्या शिशाच्या गोळीबद्दल वाचलं आणि पोटात गोळा आला. खिम्यात शिसं असू शकतं का?

---

रानवाट

शेवंतीताई, हो, असू शकतं. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. शिशाची गोळी वेगात फुटते तेव्हा पिठाच्या कणांएवढे तुकडे जखमेपासून फूटभर लांबपर्यंत जातात. ते दाताला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा याच कारणाने परत घ्यायला सांगितला होता. लहान मुलांच्या रक्तात शिशाची ‘सुरक्षित’ अशी पातळी नाही, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीही सांगते.

सहकाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: गोळी शिशाची होती की तांब्याची, आणि जखमेच्या आजूबाजूचं मांस किती काढून टाकलं. शिशाची असेल तर पाच वर्षांच्या मुलीला देऊ नका. आजवर खाल्लंय म्हणून काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञ रक्ताची साधी तपासणी करून देतात. खिम्याला धोका जास्त, कारण त्यात कडेचं सगळं मांस एकत्र दळलं जातं. मागच्या मांडीचा अखंड तुकडा त्यामानाने बरा.

एल्कच्या बाबतीत मी पार्टिशनची इतकी बाजू घेतली, पण घरात लहान मूल आल्यापासून मी स्वतः तांब्याकडे वळलोय. शेवटचे दोन एल्क तांब्याने पडले. अंतर २५० मीटरच्या आत ठेवतो, बस्स.

---

हिमकण

डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. आमच्या गटातले निम्मे लोक तांब्यावर गेलेत, आणि मूस पडायचे थांबलेले नाहीत. एवढंच लक्षात ठेवा: तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. रायफलच्या नळीतला पीळ तिला पुरला पाहिजे. म्हणून शिशात १८० घेत असाल तर तांब्यात १६५ किंवा १५० ग्रेनवर या. वेगही वाढतो, जो तांब्याला हवाच असतो.

---

जुनीपाने

शिशाची आणखी एक बाजू आपल्याला ओळखीची आहे. कॅलिफोर्नियातली कॉन्डोर गिधाडं १९८२ मध्ये फक्त २२ उरली होती. शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांमधलं शिसं हे त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण, म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलेलं जनावर खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात आपण काय ठेवतो, प्रश्न तोच.

---

वर्धेकर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागच्या वर्षी नराचा कोथळा आम्ही तिथेच सोडला होता. अर्ध्या तासात टर्की व्हल्चर आणि काराकारा हे मेलेलं खाणारे पक्षी उतरले. त्यात माझ्या गोळीचं शिसं होतं. मग निवड झालीच. १६५ ग्रेनची टीटीएसएक्स घेतोय. आमचे बार तसेही १५० मीटरच्या आतले असतात, तिथे .३०० विन मॅगचा वेग भरपूर आहे. ए-फ्रेमबद्दल मनात आदर आहे, पण शिसं ते शिसंच.

रेंजवर जाऊन आल्यावर लिहितो.

---

वर्धेकर

नळी घासून पुसून आधी जुनं सगळं साफ केलं, तांब्याची गोळी लावण्याआधी हे करायला एका जुन्या शिकाऱ्याने सांगितलं होतं. पहिल्या तीन गोळ्या पांगल्या, नंतर १०० मीटरवर तीन गोळ्या दीड इंचात येऊ लागल्या. रोह्यासाठी पुरे. बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूवरून अशा चाळीस गोळ्या चालवल्या. रँचवाल्याला फोन केला, कुत्रं असणार आहे.

---

जागल्या

भाऊ, एक सांगतो. रोह्याचं काळीज आन फुप्फुस हरणापेक्षा खाली आन पुढं असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. मेलेले रोही पाहिलेत म्हणून सांगतो. खांद्याच्या मागं, मधोमध मारला तर तो कोस दीड कोस जातो.

---

वर्धेकर

काल रात्री परत आलो. जागल्या भाऊ, तुमचं वाक्य डोक्यात धरून गेलो होतो.

नर ११५ मीटरवर, किंचित माझ्याकडे तोंड करून उभा. पायाच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बार घेतला. तो वळला, जाळीकडे धावला आणि मी मनात आकडे मोजत राहिलो. नंतर मोजलं तर ४२ पावलं. कुत्र्याला साखळीतून सोडावंच लागलं नाही. दुसऱ्या बाजूचं भोक दोन बोटं जाईल एवढं होतं आणि गवतावर रक्त पसरलेलं, लहान पोरालाही माग काढता आला असता.

सोलताना अलीकडच्या खांद्याचं हाड फुटलेलं, काळजाचा वरचा भाग आणि दोन्ही फुप्फुसं गेलेली, पलीकडची बरगडी तुटलेली. गोळी सापडली नाही, माळाच्या मातीत कुठेतरी आहे. खांद्याभोवतीचं मांस मागच्या वेळी परातभर टाकावं लागलं होतं. यंदा ओंजळभर. कोथळा सोडला तेव्हा काराकारा उतरताना पाहत थांबलो.

---

जागल्या

मांस किती निघालं?

---

वर्धेकर

हाडं काढून ९० किलोच्या आसपास. शेवंतीताई, तुम्ही न्यू जर्सीत, नाहीतर अर्धं तुमच्याकडेच पाठवलं असतं.